आमची घूस

मनुष्यप्राण्याचे दोन प्रकार आहेत. एखादी नवी वस्तू बाजारात आली की रांगेत पहिला नंबर लावणारा हा एक. आणि ती वस्तू बाजारातून उठून गेली, दुकानदारानं पाटी उतरवली, कंपनीनंही हात वर केले, की मग ‘काय होती बुवा ती, जरा बघू तरी’ म्हणत चौकशीला निघणारा हा दुसरा. पहिल्या प्रकारच्या माणसांमुळे जग पुढे जातं असं म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे जुना बाजार चालतो.

मी जन्मानं आणि कर्मानं दुसऱ्या प्रकारातला. लोकांनी शाईची पेनं टाकून दिली तेव्हा मी दौत विकत घेतली. त्यामुळे सारं जग कृत्रिम बुद्धिमत्तेशी गप्पा मारू लागलं असताना मी १९९१ सालच्या इंटरनेटच्या एका पद्धतीचा अभ्यास सुरू केला, यात आमच्या घरी कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. सौभाग्यवतींनी फक्त ‘यात विजेचं बिल किती वाढतं?’ एवढा एकच तांत्रिक प्रश्न विचारला.

या पद्धतीचं नाव गोफर. इंग्रजीत तिला प्रोटोकॉल म्हणतात. आता प्रोटोकॉल म्हणजे काय, हे ज्यानं लग्नाच्या याद्या होताना पाहिल्या आहेत त्याला वेगळं सांगायला नको. दोन अनोळखी पक्ष समोरासमोर बसणार. आधी कुणी बोलायचं, काय विचारायचं, उत्तर कुठल्या शब्दांत द्यायचं आणि चहा झाल्यावर कुणी उठायचं, हे सगळं ठरलेलं असतं. ते ठरलेलं नसेल तर लग्न मोडतं. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्यांच्या याद्या म्हणजे प्रोटोकॉल. आज आपण ज्यावर सिनेमे बघतो आणि आंब्याच्या पेट्या मागवतो ते वर्ल्ड वाइड वेब अशाच एका याद्यांवर चालतं. गोफर हा त्याच सुमारास उपवर झालेला दुसरा मुलगा. दिसायला साधा, वागायला सरळ, पगार बेताचा. आणि नेहमी होतं तेच झालं. मुलीकडच्यांनी झगमगीत स्थळ पसंत केलं.

हा मुलगा जन्मला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. गोफर हा तिकडचा बिळं करणारा एक प्राणी. मिनेसोटा राज्याला लाडानं ‘गोफर राज्य’ म्हणतात आणि विद्यापीठाच्या खेळाडूंनाही गोफरच म्हणतात. आपल्याकडे त्याच्या जवळचं कोण, याचा मी बराच विचार केला. उंदीर म्हणावं तर आकार जुळेना, शिवाय मध्ये गणपती येतात. शेवटी घूस ठरली. म्हणजे कल्पना करा, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं जगभरातली माहिती एकमेकांना जोडणारी यंत्रणा शोधून काढली आणि तिला नाव दिलं ‘घूस’. आपल्याकडे नाव ठेवायच्या आधीच तीन समित्या नेमल्या गेल्या असत्या आणि यंत्रणेचं नाव कुठल्या तरी थोर पुरुषाच्या नावानं सहा शब्दांचं झालं असतं. इंग्रजीत ‘गो फर’ याचा आणखी एक अर्थ आहे. जा आणि आण. साहेबानं घंटी वाजवली की जाऊन फाईल आणतो त्या माणसालाही तिकडे गोफर म्हणतात. म्हणजे आमच्या शाखेतला शिपाई. बिळात शिरणारी घूस आणि रेकॉर्ड रूममध्ये शिरणारा शिपाई यांचं एकच नाव असावं, हे ज्याला सुचलं तो कधीतरी बँकेत असला पाहिजे.

आणि समितीचं म्हणाल तर ती तिथेही होतीच. विद्यापीठातली सगळी माहिती विद्यार्थ्यांना एका जागी मिळावी म्हणून तिथे एक भलीमोठी समिती बसली होती. तिला मोठ्या मेनफ्रेमवर चालणारी भारदस्त योजना हवी होती. मार्क मॅकहिल नावाचा प्रोग्रॅमर आणि त्याचे सहकारी यांनी समितीची वाट न पाहता काही आठवड्यांत लहान कॉम्प्युटरवर गोफर चालवून दाखवलं. समितीला राग आला. समितीला राग येणं हे एखादी गोष्ट चालू लागल्याचं जगभर मान्य असलेलं लक्षण आहे. या सहकाऱ्यांत फरहाद अंकलेसारिया हे एक नाव आहे. १९९३च्या मार्चमध्ये गोफरचे नियम कागदावर आले. आरएफसी १४३६ असा त्या कागदाचा क्रमांक आहे आणि त्यावर लेखक म्हणून पहिलं नाव अंकलेसारियांचंच आहे. अंकलेसारिया हे आडनाव आपल्या पारशी मंडळींचं, अंकलेश्वरवरून आलेलं. हे वाचलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मिनेसोटा लांब आहे, पण अंकलेश्वरला आमचा एक साडू राहतो.

ते नियम मी वाचले. मी पुणे विद्यापीठाचा वाणिज्य पदवीधर. ज्या माणसानं नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून वाट काढत पदवी मिळवली, त्याला कॉम्प्युटरचे नियम समजतील अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. पण हे वीस पानांच्या आतले आहेत आणि चक्क समजतात! आमच्याकडे लॉकर उघडायचा करारनामा तरी समजतो का? गोफरचा सगळा व्यवहार म्हणजे टेलरच्या खिडकीचा व्यवहार आहे. तुम्ही यायचं, सत्तर नंबरच्या खिडकीवर. सहसा हीच असते. एक ओळीची चिठ्ठी आत सरकवायची. आतला माणूस ती वाचतो, मागितलेला कागद बाहेर देतो आणि खिडकी बंद करतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, ‘आपला अनुभव कसा वाटला, पाचपैकी किती तारे द्याल’ नाही. काय मागायचं हेच तुम्हाला ठाऊक नसेल तर कोरी चिठ्ठी सरकवायची. मग तो चिडत नाही. आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी देतो. कोऱ्या चिठ्ठीवर न चिडणारा कर्मचारी मी एकवीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. आरशातसुद्धा.

यादीही बघण्यासारखी असते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण. शून्य असेल तर समजायचं हा वाचायचा कागद आहे. एक असेल तर ही आणखी एक यादी आहे, आत जा. सात असेल तर इथे शोध घेता येतो. नऊ म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेतलं बाड. तीन आलं तर काहीतरी चुकलं. पुढे त्या कागदाचं नाव, मग तो कुठल्या कपाटात आहे, मग कुठल्या गावच्या कॉम्प्युटरवर आणि कितव्या खिडकीवर. यादी संपली की शेवटच्या ओळीत नुसतं एक टिंब. बस्स! चित्र नाही, जाहिरात नाही, उडी मारून अंगावर येणारी चौकट नाही. यादीतली एक ओळ नगरची असेल, तिच्या खालची नॉर्वेची. बोट ठेवलं की तिथे. १९९२ साली नेवाडा विद्यापीठात या सगळ्या याद्या शोधणारी एक सोय निघाली, तिचं नाव व्हेरोनिका. त्याआधी मॉन्ट्रिअलला फायली शोधणारी एक सोय होती, तिचं नाव आर्ची. पुढे जगहेडही आला. रेल्वेच्या बुकस्टॉलवर उभ्या उभ्या आर्चीची कॉमिक्स फुकट वाचून मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला इंटरनेट तेव्हाच मिळालं असतं तर आम्ही एका दिवसात शिकलो असतो.

पण मिळालं नाही. आपल्याकडे इंटरनेटची सुरुवात तशी जुनी. १९८६ साली अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईची आयआयटी होती आणि जुहूची एनसीएसटी ही संस्थाही होती. पण ते प्राध्यापकांचं आणि संशोधकांचं. सामान्य माणसाला विदेश संचार निगमनं इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, आणि तेही आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा महानगरांत. त्यातलं स्वस्त खातं म्हणजे ‘शेल’ खातं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्र बघायचं तर जादा पैसे. म्हणजे ज्या काळात आपल्या शेल खात्याला अगदी मापात बसेल असा गोफरचा अंगरखा शिवून तयार होता, त्याच काळात तिकडे त्याची अंत्ययात्रा निघाली होती. आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसत होता.

गोफर गेलं कसं, ही गोष्ट मात्र प्रत्येक बँकवाल्यानं पाठ करावी अशी आहे. १९९३च्या सुरुवातीला गोफर पुढे होतं आणि वेब मागे. विद्यापीठाला पैशांची चणचण होती. त्यांनी जाहीर केलं, की आमचा गोफर सर्व्हर धंद्यासाठी वापरणाऱ्यांनी फी भरावी. तसं त्यात गैर काय? माल त्यांचा, मेहनत त्यांची. पण त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातल्या सर्न या संस्थेनं वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांना कायमचं मोफत करून टाकलं. शिवाय मोझेक नावाचा ब्राउझर आला, तो मजकुराच्या मधोमध चित्र दाखवू लागला. चित्र आणि फुकट! आता तुम्हीच सांगा, या दोन शब्दांपुढे आजवर कोण टिकलंय? १९९४च्या दरम्यान वेबनं गोफरला मागे टाकलं ते टाकलंच. मिनेसोटावाल्यांनी २००० साली आपलं सॉफ्टवेअर खुलं करून दिलं. पण खाती दुसऱ्या बँकेत गेल्यावर सेवाशुल्क माफ करण्यात काय अर्थ? २०११ साली फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीतून गोफरची सोयही निघून गेली.

म्हणजे गोफर मेलं का? इथे बँकेतल्या माणसाला एक बारकावा कळतो, तो इतरांना कळत नाही. खात्यावर दोन वर्षं खातेदारानं काही व्यवहार केला नाही की आम्ही त्या खात्याला निष्क्रिय म्हणतो. मृत म्हणत नाही. दहा वर्षं उलटली की त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. तिथूनही ते बुडत नाहीत. पंचवीस वर्षांनी खातेदाराचा नातू पासबुकाचा तुकडा आणि केवायसी घेऊन आला, तरी त्याचे पैसे द्यावे लागतात. गोफर हे असं निष्क्रिय खातं आहे. जगात अजून काहीशे सर्व्हर त्याचे चालू आहेत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली. कुणाला पगार नाही, कुणाला जाहिरात नाही. हे वाचलं आणि मी ठरवलं, की आपणही एक चालवायचा. चौकशीला गेलेला माणूस असाच जावई होऊन बसतो.

सर्व्हर या शब्दाला लोक उगीच घाबरतात. मला वाटलं होतं कपाटाएवढा असेल, एसी लागेल, घरघर करेल. प्रत्यक्षात रास्पबेरी पाय नावाची एक पाटी मिळते, पत्त्यांच्या कॅटएवढी. तिला मोबाईलच्या चार्जरसारखी वायर लावायची, पोटात एक कार्ड खुपसायचं, की झाला सर्व्हर. त्यावर लिनक्स चढवायचं आणि गोफरनिकस नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम. कोपर्निकसला घूस केलं आहे, पण विद्वान माणूस, रागावणार नाही. चिरंजीव अकरावीला आहेत, त्यांनी सुट्टीच्या दिवशी दोन तास मला मदत केली. मदत म्हणजे तो माझ्याकडे आणि मी स्क्रीनकडे बघत होतो. शेवटी म्हणाला, ‘‘पप्पा, हे झालं. पण यात करायचं काय?’’

‘‘वाचायचं,’’ मी म्हणालो.

‘‘नुसतं?’’

या ‘नुसतं’वर मी एक लेख लिहू शकतो. पण आधी सर्व्हर.

सर्व्हर घरात चालू झाला म्हणजे बाहेरच्याला दिसतो असं नाही. हल्ली इंटरनेटच्या कंपन्या एका पत्त्यावर शेकडो घरं बसवतात. एका चाळीचा एकच पोस्टाचा पत्ता, तसं. आतला माणूस पत्र बाहेर पाठवू शकतो. बाहेरच्याचं पत्र नेमक्या खोलीत पोचत नाही. त्यासाठी स्वतःचा कायमचा पत्ता लागतो. आमच्या सावेडीत वायर ओढून देणारा एक पोरगा आहे, त्याला गाठला.

‘‘स्टॅटिक आयपी?’’ तो म्हणाला. ‘‘कॅमेरे बसवताय का काका? गोदाम वगैरे?’’

‘‘नाही रे, सर्व्हर चालवायचाय.’’

‘‘सर्व्हर मंजे डीव्हीआरच ना?’’

‘‘गोफरचा सर्व्हर. सत्तर नंबरचं पोर्ट उघडून दे.’’

त्यानं बरोबरच्या पोऱ्याकडे बघितलं. ‘‘काका, आजवर नगरमध्ये कुनी सत्तर नंबर मागितला नाय. काय वंगाळ नाय ना त्याच्यात?’’

मी त्याला अंकलेसारियांपासून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि महिन्याला जादा पैसे लावले. पण पोर्ट उघडून दिलं. जाताना म्हणाला, ‘‘चालू झालं की मला बी दावा.’’ महाराष्ट्राच्या भवितव्याबद्दल मी त्या क्षणापासून आशावादी आहे.

पाटी ठेवायची कुठे हा पुढचा प्रश्न. इन्व्हर्टरची लाईन फक्त हॉलला आणि देवघराच्या कोनाड्याला. हॉलमध्ये टीव्हीनं हक्क सांगितला. तेव्हा शेवटी देवघराच्या शेजारी, उदबत्तीच्या पुड्यांच्या मागे सर्व्हर बसला. हिरवा दिवा लुकलुकतो. सौभाग्यवती समईला तेल घालताना त्याच्याकडे एकदा बघतात. ‘‘तुमची घूस जागी आहे हो,’’ असं म्हणतात. भिशीच्या बायकांनाही त्यांनी ‘‘आमच्याकडे घूस पाळलीय’’ असं सांगितलं. त्यावर समोरच्या वहिनींनी पिंजरा आणून दिला.

बँकेत निराळाच प्रसंग. आमचे साहेब पाटण्याकडचे, मराठी नुकतंच शिकताहेत. मी जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याला सांगत होतो, ‘‘घरी घूस आणल्यापासून लक्ष सगळं तिकडेच असतं.’’ साहेबांचा डबा अर्ध्यात थांबला. हिंदीत घूस म्हणजे लाच. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘देखिए, आप सीनियर आदमी हैं। घर में घूस रखते हैं, ऊपर से सबको बताते भी हैं?’’ त्यांना गोफर समजावून सांगायला पाऊण तास लागला. शेवटी म्हणाले, ‘‘मतलब इसमें पैसा बिलकुल नहीं है?’’ मी म्हणालो, नाही. ‘‘फिर तो सचमुच घूस नहीं है।’’

साहेबांनी एक शंका मात्र रास्त काढली. ‘‘इसमें लॉक वॉक क्या है?’’ गोफरला कुलूप नाही. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, वाटेत मजकूर लपवणारी गुप्त लिपीही नाही. दोघांच्या मधल्या कुणीही वाकून वाचावं. दिवसभर ‘आपला ओटीपी कुणाला सांगू नका’ असं लोकांना बजावणाऱ्या माझ्यासारख्याला हे आधी पचलं नाही. मग आठवलं, आपण राहतो कुठल्या जिल्ह्यात? नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना चौकटी आहेत, पण परंपरेनं दारं नाहीत आणि कुलपं नाहीत. २०११ साली एका बँकेनं तिथे शाखा काढली, तर तिलाही दर्शनी कुलूप लावता आलं नाही. त्या गावाचा भार शनिमहाराजांवर आहे; गोफरचा कशावर आहे? तर चोरण्यासारखं काही ठेवायचंच नाही, यावर. ज्याला गुप्त ठेवायचंय त्यानं तिथे ठेवू नये. जे कुणीही वाचावं असं वाटतं तेच ठेवावं. तुमच्या लक्षात येतंय का, या अटीत बसणारं आपल्याजवळ फार थोडं असतं. मी दोन दिवस शोधलं. पासबुकं बाद, पत्रं बाद, माझ्या कविता सौभाग्यवतींच्या शिफारशीवरून बाद.

आणि मग तात्यांच्या वह्या आठवल्या.

तात्या म्हणजे आमचे वडील. पारनेर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९७२ साली नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि त्या साली दुष्काळ पडला. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्याकडून ऐकावा. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी गावंच्या गावं, तांबडी मिलो, पोरांना वाटलेली सुकडी. तात्यांच्या शाळेत पोरं सुकडीसाठी येत; तात्या म्हणतात, त्यातली दोन-तीन अक्षर शिकून गेली हा बोनस. त्या वर्षीच्या जूनपासून तात्यांनी पाऊस लिहायला घेतला. पर्जन्यमापक तालुक्याला. त्यांच्याजवळ अंगणात ठेवलेलं एक पितळी पातेलं. रोज रात्री कंदिलाशी बसून एक ओळ. ‘आज नाही.’ ‘ढग आले, पारनेरकडे गेले.’ ‘पातेल्यात एक बोट.’ ‘आज नाही.’ ‘आज नाही.’ मध्येच एक पान: ‘नाही. शाळेची विहीर तळाला गेली. पोरांना उद्यापासून तांब्या घरून आणायला सांगितला.’ अशा बावीस वह्या. बदल्या झाल्या, पातेलं बरोबर गेलं. मी जन्मलो त्या दिवसाच्या ओळीत माझं नाव नाही. ‘पातेलं अर्धं. मुलगा.’ एवढंच आहे. पण पातेलं आधी आहे.

तात्या आता सत्त्याहत्तरचे. डोळ्यांना नीट दिसत नाही, हात थरथरतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लिहिणं थांबवलं. कुणाला काही बोलले नाहीत. पातेलं धुऊन माळ्यावर ठेवून दिलं, त्यावरून आम्हाला कळलं. वह्यांना कसर लागलेली. पहिल्या तीन वह्यांची पानं हातात घेतली की काठ खाली पडतो. बँकेत मी हे रोज पाहतो. रेकॉर्ड रूममधली लेजरं वाळवी खाते, तेव्हा तक्रार करायला खातेदार उरलेला नसतो. इथे खातेदार बाहेरच्या खोलीत बसून रेडिओ ऐकत होता.

मी रोज रात्री जेवण झाल्यावर एक महिना टाईप करायला लागलो. गोफरला हे मानवलं. एक ओळ, सत्तर अक्षरांच्या आत असली म्हणजे उत्तम, असं नियमच सांगतात. तात्यांची कुठलीच ओळ सत्तरच्या जवळही जात नाही. मास्तर लोक खडू जपून वापरतात. देवनागरीचं एक गमतीचं कळलं. इंग्रजी अक्षराला कॉम्प्युटरमध्ये एक बाईट जागा लागते, आपल्या अक्षराला तीन. काना, मात्रा, वेलांटी यांचे पुन्हा वेगळे तीन-तीन. म्हणजे ‘ढग’ नुसता यायलाच सहा बाईट. तात्या म्हणाले, ‘‘असू दे, ढगाला जागा लागतेच.’’ गोफरचे नियम लिहिणाऱ्यांनी देवनागरीचा विचार केला नव्हता. पण शिपायानं लखोटा उघडून बघायचा नसतो. जे आत आहे ते तसंच नेऊन द्यायचं. त्यामुळे मराठीही सुखरूप जाते. काळ्या पडद्यावर कधी कधी जोडाक्षरं पाय मोडून पडतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

चिरंजीवांचं मत होतं, की हे सगळं एखाद्या मोठ्या ठिकाणी टाकावं. ‘‘फोटो टाका, पप्पा. लाईक येतील. तात्या व्हायरल होतील.’’ तात्यांनी विचारलं, ‘‘व्हायरल म्हणजे तापच ना?’’ शिवाय मोठ्या ठिकाणांचा मला जरा अनुभव आहे. जागा त्यांची, नियम त्यांचे, मालक बदलला की पाटी बदलते, आणि एके सकाळी ‘ही सेवा बंद करण्यात येत आहे’ असं पत्र येतं. देवघराजवळची घूस आमची आहे. लाईट गेली तर चार तास इन्व्हर्टर. त्यानंतर जगाला थांबावं लागेल. जगानं पाऊस थांबतो तेव्हा कुठे काय केलंय?

तात्यांना गोफर एका दमात कळलं. वेब मी त्यांना चार वर्षं समजावत होतो, ते नाही कळलं. ‘‘म्हणजे बिऱ्हाडाबाहेर पाटी लावली. ज्याला यायचं तो येईल. एवढंच ना?’’ एवढंच. पण तेव्हापासून मी बँकेतून आलो, की चपला काढायच्या आत विचारतात, ‘‘आज कुणी आलं होतं?’’

कुणी आलं-गेलं याची नोंद सर्व्हर ठेवतो. पहिल्या आठवड्यात रोज तिघे येत. एक मी, एक चिरंजीव, एक वायरवाला पोरगा. त्यानं शब्द पाळला. पुढे यादी करत फिरणारे यांत्रिक पाहुणे आले. ते सगळ्या सर्व्हरांवर फिरतात आणि काय नवं आहे ते टिपून नेतात. एका मिनिटात सगळ्या वह्या चाळून गेले. ‘‘खिरापतीला आलेली पोरं,’’ तात्या म्हणाले. ‘‘आरती नको, हात पुढे.’’

एका रात्री मात्र एक निराळी नोंद पडली. कुठलासा परदेशातला पत्ता. आधी कोरी चिठ्ठी. मग वह्यांची यादी. मग १९७२चा जून. तीन मिनिटं. जुलै. चार मिनिटं. ऑगस्ट. तिथे अकरा मिनिटं. असं करत पावणेदोन तासात तो १९७३च्या सप्टेंबरपर्यंत गेला आणि थांबला. चिरंजीवांनी नोंद पाहिली आणि म्हणाले, ‘‘हा बॉट नाही. बॉट इतका वेळ घेत नाही.’’ आम्ही सगळे त्या आकड्यांकडे बघत राहिलो. कोण होता? इकडचाच कुणी तिकडे गेलेला? ज्याचे आजोबा खडी फोडायला होते असा? की मराठी शिकणारा कुणी? गोफर तेवढं सांगत नाही. नाव विचारायची पद्धतच नाही तिथे. आमच्या बँकेत हे चाललं नसतं.

मी तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘त्र्याहत्तरच्या सप्टेंबरला थांबला?’’

‘‘हो.’’

‘‘बरोबर आहे. तिथे पाऊस चांगला झाला होता. झोपला असेल.’’

दुसऱ्या दिवशी बँकेतून आलो तर सौभाग्यवती माळ्याखाली स्टूल धरून उभ्या आणि चिरंजीव वर. पातेलं उतरवण्याचं काम चाललं होतं. संध्याकाळी ते अंगणात, दुचाकीच्या शेजारी जाऊन बसलं. जेवणं झाली, मी टाईप करायला बसलो. तात्या खुर्ची ओढून शेजारी आले. हात थरथरतो, पण हातवारे करून मजकूर सांगायला जमतं.

‘‘लिही,’’ ते म्हणाले. ‘‘आजची तारीख. पुढे, ढग आले होते. टिंब. सावेडीवर थांबले नाहीत. टिंब.’’

मी लिहिलं.

‘‘झालं? सोड बिळात.’’